स्मोक्ड बेक्ड बीन्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत राहते. इथे मे महिना संपत आला की घरोघरच्या अंगणात स्मोकर, म्हणजे मांस धुरात मंद शिजवायच्या भट्ट्या, पेटतात आणि दुपारपासून गल्लीत हिकरीच्या लाकडाचा धूर रेंगाळायला लागतो. मांसाचं कौतुक सगळेच करतात. माझा जीव मात्र त्या मांसाशेजारी ट्रेमध्ये रटरटणाऱ्या बीन्सवर आहे. दरवर्षी इथल्या मराठी मंडळाच्या उन्हाळी सहलीला मी हे बीन्स नेते आणि नंतर आठवडाभर फोन येत राहतात. त्या फोनांवर जे प्रश्न विचारले जातात, त्यांची उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवते आहे.

स्मोक्ड बेक्ड बीन्स म्हणजे नेमकं काय? डब्यातले बेक्ड बीन्स ते हेच का?

नाही. आपल्यापैकी बहुतेकांनी पहिल्यांदा बेक्ड बीन्स खाल्ले ते हॉटेलातल्या नाश्त्याला, टोस्टबरोबर. ते इंग्लंडच्या वळणाचे: पातळ, टोमॅटोच्या रसातले, बेताचे गोड. अमेरिकन बार्बेक्यूच्या ताटातले बीन्स दाट असतात आणि तपकिरी रंगाचे. त्यात मळीचा (उसाच्या काळ्या पाकाचा) गोडवा, मोहरीचा झणका, व्हिनेगरचा आंबटपणा आणि बहुतेक वेळा बेकन किंवा उरलेलं भाजकं मांस असतं. असे बीन्स उघड्या ट्रेमध्ये दोन-तीन तास लाकडाच्या धुरात ठेवले की झाले स्मोक्ड बेक्ड बीन्स.

हा पदार्थ मुळात कुठला?

घेवड्याच्या कुळातले हे सगळे दाणे मूळचे अमेरिका खंडातले. आपला राजमासुद्धा त्यातलाच. बेक्ड बीन्सचं माहेर म्हणजे अमेरिकेच्या ईशान्येकडचा न्यू इंग्लंड प्रांत. तिथल्या प्युरिटन पंथाच्या लोकांचा विसाव्याचा दिवस शनिवारी संध्याकाळीच सुरू व्हायचा आणि त्या काळात घरकाम वर्ज्य असायचं. म्हणून शनिवारी मातीच्या पोटफुगऱ्या भांड्यात बीन्स, खारवलेलं डुकराचं मांस आणि मळी घालून ते भांडं भट्टीत सरकवायचं आणि तेच रात्री व दुसऱ्या दिवशी खायचं. त्याच प्रांतातल्या मेन राज्यात अजूनही जमिनीत खड्डा करून, त्यात निखारे पसरून, बिडाचं भांडं रात्रभर पुरून बीन्स शिजवतात.

मळी यायची कॅरिबियन बेटांवरच्या उसाच्या मळ्यांतून. ते मळे आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांच्या श्रमावर चालत. या पदार्थाच्या गोडव्यामागे तो इतिहास आहे आणि तो विसरू नये, असं मला वाटतं. न्यू इंग्लंडमधल्या बॉस्टनमध्ये मळीचा व्यापार केवढा होता, याची कल्पना एका दुर्घटनेवरून येते. १५ जानेवारी १९१९ रोजी तिथे मळीची एक प्रचंड टाकी फुटली, सुमारे ८७ लाख लिटर मळी रस्त्यांवरून धावली आणि २१ माणसं दगावली.

बीन्सना लाकडाचा धूर मिळाला तो अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या आणि मधल्या राज्यांतल्या बार्बेक्यूच्या भट्ट्यांवर. प्रत्येक गावाची तऱ्हा वेगळी. टेक्ससमध्ये पिंटो बीन्स, साखर जवळजवळ नाहीच, मिरचीचा तिखटपणा जास्त. कॅलिफोर्नियातल्या सांता मारिया खोऱ्यात पिंकिटो नावाचे छोटे गुलाबी दाणे. आमच्या कॅन्सस सिटीत टोमॅटो आणि मळीचा दाट सॉस, हिकरीचा धूर आणि ब्रिस्केटच्या (गाईच्या छातीकडच्या मांसाच्या) टोकाचे करपत आलेले तुकडे, ज्यांना इथे बर्न्ट एंड्स म्हणतात. पुढची सगळी उत्तरं याच पद्धतीच्या बीन्सबद्दल आहेत.

कोणते बीन्स घ्यायचे?

अमेरिकेत असाल तर नेव्ही बीन्स. वाटाण्याएवढे, पांढरे, पटकन मऊ होणारे आणि तरीही आकार न सोडणारे. अमेरिकी नौदलाच्या जेवणात ते पिढ्यान्‌पिढ्या असायचे, म्हणून हे नाव. नाही मिळाले तर ग्रेट नॉर्दर्न किंवा पिंटो घ्या.

भारतात असाल तर लहान दाण्याचा पांढरा राजमा किंवा चित्रा राजमा घ्या. साताऱ्याकडचे असाल तर तुमच्या घरातच उत्तम पर्याय आहे: कोरेगाव भागातला वाघ्या घेवडा, ज्याला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. एका डिसेंबरात मी सासरी तो वापरून पाहिला. दाण्यावरचे लाल पट्टे शिजताना विरघळून जातात, पण चव भरीव राहते आणि रसही आपसूक दाट होतो. चवळी मात्र घेऊ नका. तिची स्वतःची मातकट चव या गोड-आंबट रसाशी भांडते.

भिजवलेले बीन्स थेट स्मोकरमध्ये ठेवले तर तिथेच शिजतील ना?

शिजणार नाहीत. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

पहिल्या वर्षी मी नेमकं हेच केलं. रात्रभर भिजवलेले नेव्ही बीन्स, त्यावर सॉस, मळी, व्हिनेगर, सगळं एकत्र करून सकाळी दहाला ट्रे आत ठेवला. चार जुलै, म्हणजे अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन, घरात अठरा पाहुणे. तीन वाजता चमचा घातला तर वरचा रस आटून चकाकत होता, घमघमाट सुटला होता आणि दाणा दाताखाली खड्यासारखा कचकन वाजला. सहा वाजताही तसाच. शेवटी सगळा ट्रे तसाच बाजूला ठेवावा लागला आणि पाहुण्यांना मक्याच्या कणसांवर भागवावं लागलं.

याची कारणं दोन. पहिलं म्हणजे आंबट आणि मळी. दाण्याच्या पेशींना पेक्टिन धरून ठेवतं. ते सुटलं की दाणा मऊ होतो. टोमॅटो आणि व्हिनेगरमधलं आम्ल ते सुटू देत नाही आणि मळीतलं कॅल्शियम ते आणखी घट्ट करतं. आमटीत चिंच-गूळ डाळ शिजल्यावर घालायची, हे आपल्या आयांनी शिकवलंच होतं. इथेही तेच. उलट आधी पूर्ण शिजवलेल्या दाण्याला हाच सॉस नंतर सांभाळतो, म्हणून तीन तास धुरात राहूनही त्याचा लगदा होत नाही.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे. स्मोकरमधली हवा ११०-१२० अंश सेल्सिअस असली तरी उघड्या ट्रेमधला रस सतत वाफ सोडत असतो, त्यामुळे बीन्स स्वतः तासन्‌तास ८०-९० अंशांच्या आसपासच राहतात. उकळी फुटतच नाही. राजम्याच्या कुळातल्या कच्च्या दाण्यांत फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं एक विषारी प्रथिन असतं. लाल राजम्यात सर्वांत जास्त, पांढऱ्यात त्याहून कमी, पण असतंच. खळखळून उकळल्याशिवाय ते नष्ट होत नाही. नुसते ८० अंशांपर्यंत तापलेले दाणे तर कच्च्याहूनही जास्त बाधू शकतात. खाल्ल्यावर काही तासांतच उलट्या आणि जुलाब सुरू होतात.

म्हणून किमान पाच तास, शक्यतो रात्रभर भिजवा. ते पाणी फेकून द्या. नव्या पाण्यात अर्धा तास खळखळून उकळा आणि मग मंद आचेवर मऊ होऊ द्या. प्रेशर कुकरमध्ये तापमान शंभराच्या वर जातं, त्यामुळे तिथे ही काळजी आपोआप मिटते. आधी शिजवणं पूर्ण करायचं. धूर हा त्यानंतरचा संस्कार आहे.

दाणा पुरेसा शिजला हे कसं ओळखायचं?

शिट्ट्या मोजत बसू नका. दाणा किती जुना आहे, पाणी किती जड आहे, यावर सगळं बदलतं. न्यू इंग्लंडमधल्या जुन्या बायकांची खूण मला फार आवडते: चमच्यावर चार दाणे घ्यायचे आणि त्यावर हलकी फुंकर घालायची. साल तडकून पापुद्र्यासारखी मागे वळली की दाणा तयार. मग एक दाणा जिभेने टाळूवर दाबून बघा. दातांची गरज लागता कामा नये.

भिजवण्याच्या पाण्यात चमचाभर मीठ जरूर घाला. मिठाने दाणे कडक होतात हा समज चुकीचा आहे, उलट साल मऊ पडते. शिजवलेलं पाणी फेकू नका, ते पुढे लागतं.

डब्यातले बीन्स वापरले तर चालतील?

चालतील. ते कारखान्यात पूर्ण शिजलेलेच असतात. सॉस घातलेले डबे असतील तर वरचा अर्धा रस काढून टाका आणि आपला मसाला घाला, नाहीतर फार गोड होतं. सुमारे ४२५ ग्रॅमचे चार डबे म्हणजे अर्धा किलो सुक्या बीन्सच्या आसपास. इथले कितीतरी नावाजलेले बार्बेक्यूवाले डब्यापासूनच सुरुवात करतात, त्यात कमीपणा नाही.

प्रमाण सांगाल का?

दहा-बारा जणांना पुरेल असं माझं प्रमाण: अर्धा किलो सुके नेव्ही बीन्स, वर सांगितल्याप्रमाणे भिजवून शिजवलेले. दोन मोठे कांदे आणि एक ढोबळी मिरची बारीक चिरून. बेकनच्या सात-आठ पट्ट्या, तुकडे करून. एक कप बार्बेक्यू सॉस, पाव कप मळी, पाव कप ब्राउन शुगर, दोन मोठे चमचे पिवळ्या मोहरीची पेस्ट, दोन मोठे चमचे अ‍ॅपल सायडर व्हिनेगर, चार पाकळ्या लसूण, मिरपूड, अर्धा चमचा लाल तिखट. आणि एक ते दीड कप बीन्स शिजवलेलं पाणी.

बेकन आधी कढईत परतून त्याचं तेल सुटू द्या. त्याच तेलात कांदा-मिरची चांगली गुलाबीसर होऊ द्या. कच्चा कांदा थेट ट्रेमध्ये घातला तर धुराच्या मंद आचेत तो शिजत नाही, कचकचत राहतो. मग सगळं एकत्र करून चव बघा. या टप्प्यावर मिश्रण आमटीपेक्षा जरा दाट आणि चवीला किंचित जास्त आंबट लागायला हवं. आटल्यावर गोडवा पुढे येतो, आंबटपणा मागे पडतो. इथल्या बहुतेक पाककृतींत याच्या दुप्पट साखर असते. ते बीन्स दोन चमच्यांनंतर नकोसे होतात.

मळी म्हणजे साखर कारखान्यातली मळी? ती कशी खायची?

शब्द तोच, वस्तूचं कूळही तेच: उसाच्या रसातून साखर काढून घेतल्यावर उरणारा काळा पाक. पण आपल्या कारखान्यांतली मळी मद्यार्क आणि पशुखाद्याकडे जाते, ती स्वयंपाकासाठी नसते. इथे दुकानात मिळते ती खाण्यासाठी स्वच्छ केलेली मोलॅसिस. घेताना ब्लॅकस्ट्रॅप लिहिलेली बाटली टाळा, ती फार कडवट असते.

भारतात काकवी वापरा. काकवी वेगळी वस्तू आहे, कारण तिच्यातून साखर काढलेली नसते. म्हणून ती जास्त गोड आणि कमी कडवट. कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळावरची दाट काकवी मिळाली तर ब्राउन शुगर पूर्ण वगळा आणि अर्धा चमचा इन्स्टंट कॉफी घाला. मळीचा जो खोल, किंचित करपट सूर असतो, तो कॉफी बऱ्यापैकी भरून काढते. काळसर गूळही चालतो.

ट्रे स्मोकरमध्ये किती वेळ ठेवायचा? धूर आत शिरतो कसा?

धूर आत शिरत नाही, वर बसतो. धुरातले वासाचे घटक ओल्या पृष्ठभागावर विरघळतात, आणि जिथे हवा लागते तिथेच. त्यामुळे भांडं उथळ आणि पसरट हवं, झाकण नको, आणि दर अर्ध्या-पाऊण तासाने तळापासून ढवळायला हवं, म्हणजे नवा थर वर येतो. मी साधारण १२ बाय १० इंचांचा अ‍ॅल्युमिनियमचा ट्रे वापरते, त्यात बीन्सचा थर दीड-दोन इंचांचा होतो. बिडाची पसरट कढई असेल तर आणखी छान, फक्त आंबट रस त्यात रात्रभर ठेवू नका.

तापमान १०७ ते १२१ अंश सेल्सिअस, वेळ अडीच ते तीन तास. पहिला तासभर फारसं काही घडल्यासारखं दिसत नाही. दुसऱ्या तासात कडेला लहान बुडबुडे येतात, रंग विटकरीवरून गर्द तपकिरी होतो. चमच्याने ट्रेच्या तळावर रेघ ओढली आणि ती भरून यायला दोन-तीन सेकंद लागले की उतरवा. थंड होताना ते आणखी दाटतात, म्हणून मनासारखे दाट होण्याआधीच काढायचे.

चार तासांच्या पुढे मी जात नाही. धुराचा वास मग मांसासारखा न राहता राखेसारखा लागतो.

मांसाखाली ट्रे ठेवावा का?

कॅन्सस सिटीची खरी गंमत त्यातच आहे. वरच्या जाळीवर ब्रिस्केट किंवा डुकराचा खांदा, खाली बीन्स, आणि वरून थेंब थेंब रस. पण दोन गोष्टी पाळा. मांस वर ठेवून चार-पाच तास होऊन गेलेले असावेत. सुरुवातीला नुसती चरबी गळते आणि बीन्सवर तेलाचा तवंग येतो. आणि कच्च्या कोंबडीखाली ट्रे ठेवू नका. तरीही ठेवलाच असेल, तर बीन्स सगळीकडून ७४ अंशांपर्यंत तापल्याची थर्मामीटरने खात्री करून मगच वाढा.

लाकूड कोणतं?

हिकरी. सौम्य हवं असेल तर सफरचंद किंवा चेरी. मेस्किट उग्र असतं, बीन्सवर लगेच चढतं, म्हणून अगदी थोडं. गंमत म्हणजे आपल्याकडे माळरानावर माजलेली वेडी बाभूळ या मेस्किटचीच सख्खी नातेवाईक आहे. भारतात मी पेरूच्या वाळलेल्या फांद्या वापरते. त्यांचा धूर मऊ असतो. पाइन, निलगिरी, प्लायवूड आणि रंग किंवा पॉलिश लावलेलं जुनं फर्निचर कधीही जाळू नका.

लाकूड पाण्यात भिजवू नका. आधी पाणी वाफ होऊन जाईपर्यंत ते नुसतं धुमसतं. दाट पांढरा धूर निघत असेल तर हवेची झडप उघडा आणि थांबा. पातळ, निळसर धूर दिसायला लागला की मगच ट्रे आत.

शाकाहारी करता येतात का?

नक्कीच. सहलीला मी दोन ट्रे नेते आणि शाकाहारी ट्रे आधी संपतो. बेकनमुळे खारटपणा, चरबी आणि धूर मिळतो. त्याऐवजी तीन मोठे चमचे लोणी, त्यात कांदा अगदी तपकिरी होईपर्यंत परतलेला, बारीक चिरलेली मश्रूम, एक मोठा चमचा सोया सॉस आणि एक चमचा स्मोक्ड पॅप्रिका.

आणि लेबल वाचा. डब्यातल्या साध्या बेक्ड बीन्समध्येही इथे अनेकदा डुकराचं मांस किंवा चरबी असते. वूस्टरशायर सॉस पारंपरिक पद्धतीत अँकोव्ही माशापासून बनतो आणि तो बऱ्याच बार्बेक्यू सॉसमध्ये असतो. आपल्याकडे आलेल्या काका-काकूंना वाढताना "यात काही नाही ना?" हा प्रश्न येतो, तेव्हा ठाम उत्तर देता आलं पाहिजे. दोन्ही ट्रेंचे चमचे वेगळे ठेवा, आणि शाकाहारी ट्रे मांसाच्या वरच्या जाळीवर.

स्मोकर नाही. मग?

साध्या गोल कोळशाच्या ग्रिलवर सगळे निखारे एका बाजूला ओढा, त्यावर लाकडाचे दोन तुकडे ठेवा, ट्रे दुसऱ्या बाजूला आणि झाकण लावा. गॅस ग्रिलवर लाकडाच्या चिप्स फॉइलच्या पुडीत बांधून, पुडीला भोकं पाडून पेटत्या बर्नरवर ठेवा आणि ट्रे विझलेल्या बाजूला.

फ्लॅटमध्ये असाल तर बीन्स ओव्हनमध्ये १६० अंशांवर तासभर आटवा आणि शेवटी धुंगार द्या: गॅसवर लाल केलेला कोळसा वाटीत, ती वाटी बीन्सच्या मधोमध, त्यावर चमचाभर तूप आणि लगेच घट्ट झाकण, सात-आठ मिनिटं. धुंगाराचा वास लाकडाच्या धुरापेक्षा वेगळाच असतो. तुपाचा, भरताच्या जवळ जाणारा. मला तो आवडतो, आणि ज्यांनी दोन्ही खाल्लंय ते मुद्दाम धुंगाराचे मागतात. खिडक्या उघड्या ठेवा आणि काम झाल्यावर कोळसा पाण्यात विझवा. कोळशाचं ग्रिल मात्र घरात, गॅरेजमध्ये किंवा बंदिस्त गॅलरीत कधीच पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि त्याने माणसं दगावतात.

फार पातळ झाले. फार दाट झाले. कडू झाले.

पातळ: दोन डाव दाणे कुस्करून परत मिसळा, कॉर्नफ्लोअर नको. दाट: राखून ठेवलेलं शिजवलेलं पाणी गरम करून घाला. कडू: धूर जास्त झाला आहे, त्यावर पूर्ण इलाज नाही, पण व्हिनेगरचा एक चमचा आणि न धुरवलेले थोडे बीन्स मिसळले तर खाण्याजोगे होतात.

आदल्या दिवशी करून ठेवले तर?

जास्त चांगले लागतात. रात्रभरात धुराचा तीव्रपणा बसतो आणि रस दाण्यात मुरतो. उथळ डब्यांत काढून लवकर फ्रिजमध्ये ठेवा. तीन-चार दिवस टिकतात. सहलीला नेताना पूर्ण गरम करून, फॉइल लावून, टॉवेलात गुंडाळून आइसबॉक्समध्ये ठेवा, अर्थात बर्फाशिवाय. ६० अंशांच्या खाली गेलेले बीन्स दोन तासांहून जास्त बाहेर ठेवू नयेत, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. इथल्या जुलैत तो एक तास फार पटकन संपतो.

ट्रेच्या कडेला लागलेलं काळपट काय असतं? ते टाकून द्यायचं का?

अजिबात नाही. ती खरवड आहे. सॉस, मळी आणि धूर कडेला आटून चिकटलेले असतात, आणि बासुंदीच्या पातेल्याची खरवड ज्यांनी भांडून खाल्ली आहे त्यांना तिची किंमत सांगायला नको. लाकडी उलथन्याने अलगद सोडवा, दोन थेंब गरम पाणी लागेल. आमच्याकडे ती वाढली जात नाही. जो ट्रे घासायला घेतो, त्याची ती.